बडग्याचा हात

सक्करदरा, नागपूर
८ जुलै २०२५

सोनिका,

वर आशीर्वाद लिहिला असता तर तू तिथेच पत्र फाडलं असतंस, म्हणून लिहिला नाही. माझा फोन तू सात वर्षांपासून बंद करून ठेवला आहेस. आईशी मात्र रोज दुपारी बोलतेस. मी बाहेरच्या खोलीत बसून तिचं फक्त "हो" आणि "बरं" ऐकतो. काल त्या "हो"मधून मला कळलं, की तू तिचं तिकीट काढलं आहेस. पोळा झाला की चोवीस ऑगस्टची पुण्याची गाडी. एकटीचं.

मी विचारलं, "परतीचं कधीचं आहे?"

"परतीचं मले नाही पाहिजे," ती म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

ते तिकीट रद्द कर. एवढं सांगायलाच हे पत्र आहे. एकोणपन्नास वर्षांचा संसार असा पोरीच्या एका बोटावर मोडत नसतो. मी बहात्तर वर्षांचा आहे. मला चहासुद्धा करता येत नाही, आणि शिकायची आता हौस नाही.

तुला माझा राग आहे हे मी जाणतो. पण सात वर्षांपूर्वी त्या दिवशी तू आमच्या मधे आलीस. मधे आलं की लागतं. भांड्याला भांडं कोणत्या घरात लागत नाही? मी बिछायत केंद्र चालवलं, तीस वर्षं लोकांच्या लग्नाचे मांडव घातले. वीस-वीस माणसं हाताखाली होती. गोड बोलून बांबू उभे राहत नाहीत.

हे जाण्याचं खूळ तिच्या डोक्यात त्या वर्गाने घातलं आहे. तलावाकडच्या समाजभवनात मंगळवारी आणि शुक्रवारी म्हाताऱ्यांसाठी कलेचा वर्ग भरतो. चित्रं काढतात, मातीची चिमणी-पाखरं करतात, गाणी म्हणतात. गोपिका नावाची मुलगी शिकवते, असेल तुझ्याच वयाची. मला वाटलं, भजनाला जातात बायका तशी ही जाईल. पण नखांत निळा रंग घेऊन घरी यायला लागली. भाकरी थापताना गुणगुणायला लागली. गेल्या मंगळवारी पाच वाजून गेले, चहाची वेळ टळली, तरी बाई घरी नाही.

मी गेलो तिथे. तिचा दंड धरून उठवलं. रंगाच्या पाण्याचा डबा उडाला, माझा पाय लागला असेल. पंधरा-वीस म्हातारे तोंड उघडं टाकून पाहत राहिले. तुझी आई, रंभाबाई, गुडघ्यावर बसली होती. पडली नव्हती, बसली होती.

ती गोपिका ओरडली नाही. म्हणाली, "काका, आधी डबा उचला. पाय घसरेल कोणाचा तरी."

मी उचलला. काहून उचलला ते अजून मला समजलं नाही. वर पाहिलं तर चित्रं टांगायला बांबूची चौकट उभी केली होती, आणि ती बांधणी पाहून मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "हे कोणं बांधलं? दोन दिवसांत डोक्यावर येईल."

"मी बांधलं," ती म्हणाली. "तुम्ही बांधून देता का?"

दिली बांधून. वाईट बांधलेला बांबू माझ्याने पाहवत नाही. तासभर गेला. पण त्याचा अर्थ मी त्या वर्गाला चांगलं म्हणतो असा काढू नकोस.

तिकीट रद्द कर.

मारोतराव

•

२३ जुलै

सोनिका,

तुझं उत्तर आलं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि त्यात चार शब्द: "तिकीट रद्द होणार नाही." बापाला पोस्टकार्डावर लिहितात असं? पोस्टमनने वाचलं असेल.

असो. मी आता दोन्ही दिवस वर्गाला जातो. तुझ्या आईवर नजर ठेवायला जातो, गैरसमज नको. पण बसल्या बसल्या काय करणार? गोपिकेने मला कामट्या फोडायला बसवलं. बांबू उभा धरायचा, कोयत्याने तोंड द्यायचं आणि मग हाताने चिरत न्यायचा, की सरळ दोन फाकी होतात. ते पाहायला सगळे गोळा झाले. निवृत्त मास्तर आहेत एक, भैयाजी. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवा हात पोटाशी धरून असतात. त्यांना मी कामटी धरायला दिली. म्हटलं, "धरा, सोडाल तर मार खाल." मास्तर हसले. बोटं आधी उघडतच नव्हती. चार वेळा कामटी पडली. काल त्यांनी ती पूर्ण चिरेपर्यंत धरली. त्यांच्या सूनबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. डॉक्टरच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते माझ्या कामटीने केलं, हे मी घरी येऊन तुझ्या आईला दोनदा सांगितलं.

तिला एकदा सांगून ऐकू येत नाही. वयच झालं. तिला ऐकू जावं म्हणून आवाज चढवावा लागतो, आणि शेजारपाजारचे समजतात मी भांडतो.

मला लपवायचं नाही काही. शनिवारी तिला हात लागला माझा. तिने माझ्यासमोर जावईबापूंना, अश्विनरावांना फोन लावला आणि कोणत्या डब्यात बसायचं ते विचारलं. माझ्यासमोर. मुद्दाम. नवऱ्याच्या तोंडावर जाण्याच्या गोष्टी करायच्या आणि वर नवऱ्याने शांत राहायचं. ओठ थोडा फुटला, दुसऱ्या दिवशी बरा होता. मंगळवारी वर्गात गोपिकेने विचारलं तर म्हणाली, दाराची कडी लागली. बघ, तिचं तिलाच माहीत आहे की चूक कोणाची होती.

आणखी एक. तिकिटाने काही होत नाही. गाडीत आधार कार्ड दाखवावं लागतं. ते सध्या माझ्याकडे आहे.

मारोतराव

•

५ ऑगस्ट

सोनिका,

आज मी खुशीत आहे, म्हणून पत्र लांबेल.

तू पुण्याची झालीस, मारबतीचं काही आठवतं का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं नागपूर रस्त्यावर येतं. काळी मारबत, पिवळी मारबत या बायांचे दोन मोठे पुतळे, आणि त्यांच्यामागे पोराटोरांनी केलेले बडगे. महागाईचा बडग्या, पुढाऱ्याचा बडग्या, ज्याची ज्याची पीडा झाली त्याचं भूत करायचं, गल्लीबोळातून ओरडत न्यायचं आणि जाळायचं. लहानपणी तू माझ्या खांद्यावर बसून पाहायचीस. घामाने माझी टोपी भिजायची, तरी खाली उतरायची नाहीस.

तर गोपिकेने यंदा म्हाताऱ्यांना सांगितलं, की प्रत्येकाने आपापल्या पीडेचा बडग्या करायचा. "जो तुम्हाला छळतो तो बनवा. कोणाला विचारू नका, कोणाला सांगू नका." एका बाईने गुडघेदुखीची दोन भलीमोठी ढोपरं केली. एकाने सुनेचा मोबाईल केला. भैयाजींनी लकवा केला, पोटाशी हात धरलेला काळा बुटका, आणि रंग स्वतःच्या उजव्या हाताने दिला. वेडावाकडा दिला, पण दिला. मास्तर दोन वर्षांनी मोठ्याने बोलतात आता. आधी म्हणे घरात नुसती मान हलवायचे.

आणि सगळ्यांचे सांगाडे कोणी केले? मी. सोळाच्या सोळा. कामट्या मी फोडल्या, सुतळीच्या गाठी मी मारल्या. लोक मला "उस्ताद" म्हणतात. मी एकालाही शिवी दिली नाही. बिछायत केंद्रात असताना तासाला दहा जायच्या.

तुझी आई तर माझ्याकडे स्वतः आली. लग्न झाल्यापासून तिने मला कामाची गोष्ट सांगितली असेल तर आठवत नाही. म्हणाली, "मले पुरुषभर उंचीचा पाहिजे. आन् त्याचा हात हालला पाहिजे. वरून खाली."

म्हटलं, "हात कायले हालवायचा?"

"पाहिजे मले."

सोनिका, मी दोन दिवस त्या हातावर घालवले. खांद्यात लाकडाची खुंटी बसवली, कोपरात सायकलच्या ट्यूबची पट्टी, पाठीमागून दोरी. दोरी ओढली की हात वर जातो, सोडली की सपकन खाली येतो. गोपिका म्हणाली, "काका, हे तर कॉलेजातही कोणी केलं नसतं." तुझी आई दोरी ओढून ओढून पाहत होती आणि तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी विचारलं, कोणाचा बडग्या आहे? ती म्हणाली, कपडे घातल्यावर दिसंल.

मला वाटतं ती जाणार नाही. जिच्यासाठी नवऱ्याने एवढं केलं ती कशी जाईल? तू आता तिला फोनवर जास्त टोचू नकोस.

मारोतराव

•

१३ ऑगस्ट

सोनिका,

काल कपडे घातले.

माझा तपकिरी चौकड्यांचा शर्ट. तो मी दिवाळीपासून शोधत होतो. खिशात सुतळीची गुंडी, जशी मी ठेवतो तशी, टोक बाहेर लोंबतं. काथ्याच्या मिश्या, वर वळवलेल्या. चेहरा तिने स्वतः रंगवला होता. डोळे मोठे, दात दिसणारे. मी आत आलो तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. त्या सोळाही जणांना आधीच कळलं होतं. मलाच शेवटी कळलं. मी तर हसत म्हणालो होतो, "वा, हा तं कोणी ठेकेदार दिसून राहिला."

कोणी हसलं नाही. मग मी शर्ट पाहिला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मी तो हात खांद्यातून उपटला. खुंटी निघत नव्हती, मीच घट्ट बसवली होती, म्हणून पाय देऊन मोडली. तोंड फाडलं. आतून गवत आणि रद्दी निघाली. मग हातात बांबू आला आणि मी त्याच्या छातीवर मारत राहिलो. शिव्या देत होतो. बायामाणसं भिंतीला चिकटली होती. गोपिका आडवी आली तेव्हा मी तिला ढकललं, ती टेबलावर आदळली. मग मी तुझ्या आईकडे वळलो. बांबू वर केला होता. हे मी लिहितो आहे कारण तुला कोणीतरी सांगणारच आहे, आणि त्याने कमी करून सांगू नये.

भैयाजी मधे आले. "मारोतराव, खाली ठेवा तो बांबू," एवढंच म्हणाले आणि तो वाकडा हात वर केला. बांबू त्यांच्या खांद्यावर बसला. मास्तर खाली बसले. माझ्या मनात आलं, मधे आलं की लागतं. तेच वाक्य मी तुला लिहिलं होतं ना.

तुझी आई जागची हलली नव्हती. ती मोडलेल्या हाताकडे पाहत होती. म्हणाली, "मोडला ना? आता बनवून द्या. मले हात बनवता येत नाही."

गोपिकेच्या कोपरातून रक्त येत होतं. ती पोलिसांना फोन लावणार होती. भैयाजींनी नको म्हटलं. मला ते आवडलं नाही. लावायला हवा होता. तिने मला सांगितलं, की या दाराच्या आत तुम्ही पुन्हा पाऊल टाकायचं नाही. बरोबर आहे.

घरी आल्यावर तुझ्या आईने माझ्यापुढे ताट ठेवलं. वरण, भात, वांग्याची भाजी. रोजच्यासारखं. मी जेवलो नाही. मला पहिल्यांदा असं वाटलं, की ही बाई मला एकोणपन्नास वर्षं ताट वाढते आहे ते बडग्याला नैवेद्य दाखवावा तसं, भीतीने.

मारोतराव

•

२० ऑगस्ट

सोनिका,

तिचं आधार कार्ड मी परत दिलं. दोरखंडांच्या पेटीत तळाशी होतं. तिने पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं.

हात पुन्हा करून दिला. आत जायचं नाही म्हणून समाजभवनाच्या व्हरांड्यात बसलो. तिथे बसायला गोपिकेची हरकत नव्हती, फक्त मधलं दार उघडं राहील असं म्हणाली. म्हातारे आतून माझ्याकडे पाहत आणि मी पाहिलं की मान फिरवत. कोणी उस्ताद म्हटलं नाही.

तुझ्या आईने बडग्या बाहेर आणून माझ्यासमोर उभा केला आणि स्वतः स्टूल घेऊन त्याच्यापुढे बसली. मी मागून दोरी ओढली. हात खांद्यापर्यंत आला.

"इतल्यावरून नाही," ती म्हणाली. "अजून वर."

मी गाठ सरकवली.

"आता सरळ येऊन राहिला. तुमचा सरळ नाही येत. बाजूनं येते, कानाकडं."

मी खुंटी तिरपी केली. कोयत्याने दोनदा तासली.

"हां. आन् डावा असा मोकळा नका ठेवू. डाव्यानं तुमी केस धरता. नाही तं मी मागं सरली असती ना."

शिंप्याला बाहीचं माप सांगावं तशी सांगत होती. मी डावा हात वाकवला, बोटांच्या कामट्या मुठीसारख्या बांधल्या. तिने डोकं पुढे करून स्वतःचा अंबाडा त्या मुठीत धरून पाहिला, बसतो की नाही ते. बसला. मग मला म्हणाली, "आता सोडा."

"काय?"

"दोरी सोडा. पाह्यतो बरोबर जागी येते का."

मी सोडली नाही. माझा हात दोरीवर घट्ट झाला. दोरी सोडली की तो कागदाचा हात तिच्या डाव्या कानावर पडणार होता, रद्दी आणि गवत, लागलं नसतं काही. तरी माझ्याने सोडवेना. मी विचारलं, "तुले एवढं बारीक कसं माहीत वं?"

"मी समोरून पाह्यलं ना सारे दिवस. तुमी तं मागून पाहत होते."

आणि तो कान. मी तुला लिहिलं होतं, वय झालं म्हणून तिला कमी ऐकू येतं. तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून तिला त्या कानाने ऐकू येत नाही. खाजगी दवाखान्यात आम्ही पायरीवरून पडल्याचं सांगितलं होतं. मी सांगितलं, तिने मान हलवली. एवढ्या वर्षांत मी ते इतक्यांदा सांगितलं की मला ती पायरी दिसायची. आपल्या त्या घराला पायरी नव्हती.

एक खोटं तुझ्याशीही आहे. तू मधे आली नव्हतीस त्या दिवशी. आईला मारून माझं झालं होतं. तू फोन घेऊन मागच्या अंगणात पळालीस, आणि मी मांडवाची लाकडी बल्ली घेऊन तुला शोधत आलो. बेडच्या मागे, मग न्हाणीत, मग अंगणात. तुझं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि नंतर आणखी एकदा मारलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी जन्मभर सुंभच वळला, मला ते दुसऱ्या कोणाबद्दल आहे असं वाटायचं.

ती चोवीसला जाणार का, हे मी तिला विचारलं नाही. पण मनात आहे माझ्या. हात बनवून दिला, आधार दिलं, आता राहील, असं मन म्हणतं. मन निर्लज्ज आहे. तुला सांगून ठेवतो.

मारोतराव

•

२४ ऑगस्ट

सोनिका,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या आईच्या पिशवीत, शेवेच्या डब्याखाली ठेवतो आहे. ती आता शेजारी निरोप घ्यायला गेली आहे. तास-दीड तास आहे माझ्याकडे.

काल मारबत निघाली. वर्गाचे सोळा बडगे दोन हातगाड्यांवर होते. म्हातारे गाडीला धरून चालत होते, भैयाजी दुखरा हात पट्ट्याने गळ्यात अडकवून. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मागायची तिले मागा." मी मागे दहा पावलं अंतर ठेवून चाललो. महाल भागात गर्दी एवढी, की पाय ठेवायला जागा नाही. ढोल, ताशे, आणि सगळीकडून एकच आरोळी, इडा-पीडा घेऊन जा गे मारबत.

प्रत्येक बडग्याच्या गळ्यात पाटी होती. गुडघेदुखी. लकवा. मोबाईल. तुझ्या आईच्या बडग्याची पाटी कोरी होती. तिने लिहिलीच नव्हती. ती गाडीवर त्याच्या पाठीशी बसून दोरी ओढत होती, आणि तो हात वर जाई आणि पडे. पोरं खदाखदा हसत होती. "आजी, और जोर से!" चपलांचे वार बसत होते त्याच्यावर. कोणीतरी तोंडावर थुंकलं. इतवारीत काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तिथे गाडी अडली. एक मुलगा, गळ्यात कॅमेरा, तुझ्या आईला विचारत होता, "आजी, हा कोण आहे? पाटीवर तं काही लिहिलंच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. दाराची कडी, पायरी, विहिरीचा रहाट. मला समजलं, ती अजून सांगू शकत नाही. हात दाखवू शकते, नाव घेऊ शकत नाही.

मी पुढे गेलो. म्हटलं, "मी आहे."

त्याने माझी मिशी पाहिली, बडग्याची पाहिली, आणि हसला. आजूबाजूचे सगळे हसले. "क्या बात है काका!" म्हणाले. कोणी माझ्या खांद्यावर हात टाकला, फोटो काढला. मी पुन्हा म्हटलं, "मी हिले मारत होतो. एकोणपन्नास वर्षं. हिचा कान मी फोडला. पोरीचा हात मी मोडला." ते आणखी हसले. त्यांना वाटलं म्हातारा नाटकात काम करून राहिला. मी गोपिकेकडून ब्रश घेतला आणि पाटीवर माझं नाव लिहिलं, वडिलांचं नाव, आडनाव, सक्करदरा. तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईचं हसणं थांबलं. एकीचंच. ती तुझ्या आईकडे पाहत राहिली. मग तिने पुढे होऊन गाडीवरची दोरी आपल्याही हातात धरली, आणि दोघी मिळून ओढायला लागल्या. कोण होती माहीत नाही. गर्दीत गेली पुढे.

जाळताना तुझी आई जवळ उभी होती. बांबू तडातडा फुटतो, मोठे आवाज होतात, ती दचकली नाही. हात शेवटी पडला. ती म्हणाली, "झालं. भूक लागली मले." आम्ही रस्त्यावर तर्री-पोहे खाल्ले. तिने दोन प्लेटी खाल्ल्या आणि गाण्याच्या वेळी वर्गात कोण बेसूर होतं ते सांगत राहिली. एवढं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, राहिली. माझी खात्रीच झाली.

आज सकाळी ती साड्यांच्या घड्या घालायला बसली. मी म्हटलं, "रंभे, मी बनवून दिला ना हात."

"दिला," ती म्हणाली. "चांगला दिला. पण मी राहीन असं कोणाले म्हटलं होतं?"

मी काही केलं नाही. दारात उभा राहिलो नाही, आवाज चढवला नाही. तिला मोठी पिशवी हवी होती, ती माळ्यावर होती. म्हटलं, थांब, मी काढून देतो. जन्मात पहिल्यांदा तिचं काही काढून देत होतो. मी तिच्याजवळ गेलो आणि पिशवीसाठी हात वर केला.

ती खाली बसली. दोन्ही हातांनी डोकं झाकलं, गुडघे पोटाशी घेतले. भिंतीला लागून, एवढीशी. तोंडातून आवाज नाही. मी पिशवी घेऊन तसाच उभा. मग ती उठली, पदर नीट केला, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि घड्या घालायला लागली. मला दोष दिला नाही. काल तिने मला नागपूरभर फिरवून जाळलं होतं, तरी तिच्या अंगाला ते माहीत नव्हतं.

तिला परत पाठव असं मी म्हणत नाही. पुण्यात असा म्हाताऱ्यांचा वर्ग असेल तर शोध, तिला त्यात घाल. घरात बसवून ठेवू नकोस. तिला मातीपेक्षा रंग आवडतात, निळा जास्त. मी मंगळवारी व्हरांड्यात जाणार आहे. भैयाजींना कामट्या लागतात.

एक मात्र कर. तुझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर डबे असतील. ती जवळ असताना तिथलं काही काढायचं झालं, तर आधी तोंडाने सांगत जा, मग हात वर कर. अश्विनरावांनाही सांग. ते चांगले आहेत, पण उंच आहेत.

मारोतराव